बाळ रडेनासे झाले तर...



पेण तालुक्यातील डोलवी हे गाव मुंबई-गोवा महामार्ग आणि धरमतरची खाडी यांच्या सान्निध्यात वसलेले आहे. एका अंगास खारे पाणी आणि बांध घालून राखलेली भाताची खाचरे, तर दुसऱ्या अंगास पोलादाच्या कारखान्याची धुराडी, असे या परिसराचे रूप आहे. रस्ता आला, वीज आली, घरोघरी दूरध्वनी आला. पेणचे उपजिल्हा रुग्णालय लांब नाही आणि अलिबागचे जिल्हा रुग्णालयही आवाक्यात आहे. अशा गावात तान्हे मूल आजारी पडले तर त्याला वाचविण्यास अडचण ती कोणती, असा प्रश्न कोणाच्याही मनात येईल. अडचण आहे, आणि ती पुष्कळदा रस्त्यावर नसून घरात असते. आजार आहे हे ओळखण्याच्या पहिल्या घटकेत ती असते. त्या घटकेचा विचार करणे हा या भाषणाचा हेतू आहे.

ज्या आजाराविषयी येथे बोलावयाचे आहे त्याला वैद्यकात सेप्सिस म्हणतात. मराठीत त्याला जंतुदोष म्हणता येईल. शब्द मूळ ग्रीक भाषेतला असून त्याचा अर्थ सडणे किंवा कुजणे असा आहे. नाळ, त्वचा, फुप्फुस, आतडे अथवा एखादी जखम यांतून रोगजंतू शरीरात शिरतात. शरीर त्यांच्याशी झुंजू लागते. परंतु कधी कधी ही झुंज मर्यादेबाहेर जाते. जंतूंना मारण्यासाठी उठलेली शरीराची शक्ती शरीराच्याच अवयवांवर उलटते. बारीक रक्तवाहिन्या झिरपू लागतात, रक्तदाब उतरतो, रक्ताच्या सूक्ष्म गुठळ्या होतात, मेंदू, मूत्रपिंड आणि हृदय यांना पुरेसा प्राणवायू मिळत नाही. थोरांच्या बाबतीत हे घडावयास एकदोन दिवस लागू शकतात. नवजात बालकाच्या बाबतीत काही तासही पुरेसे होतात.

एका घरातील रात्र

खाडीकाठच्या अशा गावातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. हे घर कोणा एका कुटुंबाचे नाही. अनेक घरांतून जे घडते ते एकत्र करून हे चित्र कल्पिले आहे. सून पहिलटकरीण. प्रसूती सरकारी रुग्णालयात सुखरूप झाली. मुलगी झाली, वजन सव्वादोन किलो भरले. तिसऱ्या दिवशी मायलेकी घरी आल्या. पाचवीची पूजा झाली, सटवाईपुढे कोरा कागद आणि लेखणी ठेवली गेली. सातव्या दिवशी आशा कार्यकर्ती येऊन बाळाला पाहून गेली. जाताना तिने आईला दोन गोष्टी पुन्हा सांगितल्या : बाळ दूध कसे ओढते ते पाहत जा आणि रडते कसे ते ऐकत जा.

नवव्या दिवशी दुपारपासून बाळ झोपेतच होते. आईने छातीशी लावले तर दोनचार घोट घेऊन तोंड फिरवले. संध्याकाळी तिने पुन्हा प्रयत्न केला तेव्हा बाळाने स्तन धरलेच नाही. रडण्याचा आवाज मांजराच्या पिलासारखा बारीक झाला आणि मग तोही थांबला. बाळाचा बाप कारखान्यात रात्रपाळीला गेलेला. घरात सासू आणि सासरे.

सासूने बाळाला हातात घेतले. ताप नव्हता. ती म्हणाली, "पोर गुणी आहे. त्रास देत नाही. झोपू दे तिला."

आईने बाळाचे तळपाय धरून पाहिले. ते गार होते. ती म्हणाली, "आई, ही झोप नाही. काल ही अशी नव्हती."

यापुढचा संवाद महाराष्ट्रातील बहुतेक घरांना पाठ आहे. सव्वा महिना झाल्याशिवाय बाळंतीण उंबरठ्याबाहेर जात नाही. रात्रीची वेळ आहे. कोणाची तरी दृष्ट लागली असेल, मीठमोहऱ्या उतरवून पाहू. मुलगा सकाळी कामावरून आला की त्याला विचारू. यांतील एकही वाक्य दुष्टपणाचे नाही. प्रत्येक वाक्यामागे बाळाविषयीची काळजीच आहे. परंतु त्या काळजीत एक गोष्ट राहून जाते, ती म्हणजे घड्याळ. सकाळ व्हायला अजून आठ तास असतात आणि बाळाजवळ तेवढे तास असतीलच असे नाही.

त्या घरात पुढे जे घडले ते सासूच्या एका आठवणीने घडले. चाळीस वर्षांपूर्वी तिचेही एक मूल असेच गप्प झाले होते. दहा दिवसांचे होते. बारशासाठी नाव ठरवलेले होते, ते ठेवावयाचे राहून गेले. त्या मुलाला काय झाले होते हे तिला कोणी सांगितले नाही, आणि तिनेही कोणाला विचारले नाही. बाळाचे गार पाय हातात धरून ती बराच वेळ बसली आणि मग नवऱ्याला म्हणाली, "गाडी बोलवा. मुलाला वाटेत कळवू."

अर्ध्या तासात रुग्णवाहिका आली. बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून वरून लुगडे गुंडाळले होते. पेणला डॉक्टरांनी पाहताच प्रतिजैविकाचे पहिले इंजेक्शन दिले, ऊब दिली, साखर तपासली आणि पुढे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाकडे रवाना केले. रात्रपाळीवरून निघालेला बाप तेथे पोचला तेव्हा त्याच्या मुलीच्या हाताला सलाईनची नळी लागलेली होती आणि ती पुन्हा रडू लागली होती. ते रडणे ऐकून सासूच्या डोळ्यांना पाणी आले.

दहा दिवसांच्या उपचारानंतर मूल घरी आले. परंतु कुटुंबाचा अनुभव तेथे संपत नाही. पुढे कित्येक आठवडे आई रात्री दचकून उठे आणि बाळाच्या नाकापुढे बोट धरून पाही. सासऱ्यांना वाटे, दुपारीच निघालो असतो तर? ज्या घरांतून मूल परत येत नाही तेथे हाच प्रश्न आयुष्यभर राहतो. यास्तव अशा कुटुंबाशी बोलताना 'उशीर का केलात?' हा प्रश्न कोणी विचारू नये. उशीर टाळण्याचे ज्ञान त्यांच्यापर्यंत आधी का पोचले नाही, हा प्रश्न गावाने स्वतःला विचारावयाचा आहे.

गडचिरोलीने दिलेले उत्तर

हे ज्ञान घरापर्यंत पोचविता येते काय? येते, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्रातच मिळालेला आहे. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्या भागात त्या काळी शंभरातील सुमारे पंच्याण्णव बाळंतपणे घरीच होत. नवजात बालके कशाने दगावतात याचा शोध घेण्यासाठी १९९५-९६ मध्ये ३९ गावांतील ७६३ नवजात बालकांवर घरोघरी जाऊन लक्ष ठेवण्यात आले. त्यांपैकी ४० बालके पहिल्या महिन्यात दगावली.  निम्म्याहून अधिक बालकांना वैद्यकीय मदतीची गरज होती. प्रत्यक्षात ती शंभरात तिघांनाही मिळाली नव्हती. मृत्यूंची कारणे तपासली तेव्हा निम्म्याहून किंचित अधिक मृत्यू जंतुदोष आणि न्यूमोनिया यांमुळे झाल्याचे दिसून आले.

बालके रुग्णालयात जात नाहीत, तेव्हा उपचारच घरी गेले पाहिजेत, असा विचार पुढे आला. प्रत्येक गावातील एक थोडीफार शिकलेली स्त्री निवडण्यात आली. तिला बाळाचे वजन करणे, ताप मोजणे, श्वास मोजणे, बाळाला ऊब देणे आणि आईला स्तनपानाविषयी सांगणे या गोष्टी शिकविण्यात आल्या. त्यानंतर जंतुदोष ओळखणे आणि आईवडिलांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे घ्यावयाचे औषध देणे हेही तिला शिकविण्यात आले. खेड्यातील स्त्रीच्या हाती सुई द्यावी काय, याविषयी त्या काळी शंका घेतली जाणे स्वाभाविक होते. त्या शंकेला उत्तर आकड्यांनी दिले.

ज्या ३९ गावांत हे काम झाले तेथे १९९३ ते १९९५ या काळात हजार जिवंत जन्मांमागे ६२ नवजात बालके दगावत होती. १९९७-९८ मध्ये हे प्रमाण २५.५ वर आले. तुलनेसाठी घेतलेल्या ४७ गावांत मात्र ते ५८ वरून खाली आले नव्हते. जंतुदोष झालेल्या बालकांचा वेगळा हिशेब तर अधिकच बोलका आहे. उपचार सुरू होण्यापूर्वी असा दोष झालेल्या शंभर बालकांपैकी सुमारे सतरा दगावत. गावातील आरोग्यदूत स्त्रीने उपचार केलेल्यांत हे प्रमाण शंभरी तीनहून कमी झाले. हे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'लॅन्सेट' या जगन्मान्य वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या प्रयोगात जंतुदोष ओळखण्यासाठी कोणतेही यंत्र वापरले गेले नाही. सात लक्षणे ठरविण्यात आली होती. आधी नीट रडणाऱ्या बाळाचे रडणे क्षीण होणे किंवा थांबणे. आधी नीट दूध ओढणाऱ्या बाळाचे ओढणे मंद होणे किंवा थांबणे. बाळ सुस्त अथवा बेशुद्ध होणे. अंग गरम लागणे किंवा थंड पडणे. त्वचेवर किंवा बेंबीत पू होणे. जुलाब, सतत उलट्या किंवा पोट फुगणे. आणि श्वास घेताना कण्हणे किंवा छाती आत ओढली जाणे. यांपैकी कोणतीही दोन लक्षणे एकाच वेळी दिसली तर आरोग्यदूताने जंतुदोष समजून उपचार सुरू करावयाचे, असा नियम होता. हा नियम प्रशिक्षित कार्यकर्तीसाठी होता, हे ध्यानात ठेवले पाहिजे. घरच्या माणसांनी दुसऱ्या लक्षणाची वाट पाहू नये. एक लक्षण दिसले तरी बाळ दाखविले पाहिजे.

या यादीतील पहिल्या दोन लक्षणांत 'आधी नीट' हे शब्द आहेत. बाळ काल कसे होते आणि आज कसे आहे, हा फरक पाहावयाचा आहे. तो फरक डॉक्टरांना ठाऊक नसतो, कारण त्यांनी बाळाला काल पाहिलेले नसते. तो आईला ठाऊक असतो. म्हणून "काल ही अशी नव्हती" हे आईचे वाक्य तक्रार म्हणून नव्हे, तर निदान म्हणून ऐकले पाहिजे. त्याचप्रमाणे ताप नाही म्हणून निर्धास्त राहणे हाही मोठा गैरसमज होय. नवजात बालकाचे अंग जंतुदोषात तापण्याऐवजी थंडही पडू शकते.

गडचिरोलीच्या या अनुभवाचा पुढे देशाने स्वीकार केला. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानातून 'आशा' कार्यकर्ती गावोगाव आली, आणि २०११ पासून नवजात बालकाची घरी जाऊन तपासणी हे तिचे नेमून दिलेले काम झाले. रुग्णालयात जन्मलेल्या बालकासाठी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी अशा सहा भेटी ठरलेल्या आहेत. घरी जन्मलेल्या बालकासाठी पहिल्या दिवसाची सातवी भेट असते. शेजारच्या बांगलादेशात सिल्हेट जिल्ह्यात झालेल्या अशाच प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले, आणि तेथेही नवजात मृत्यूंत सुमारे एक तृतीयांश घट दिसून आली. रुग्णालयात नेणे शक्यच नसेल तेव्हा अशा बालकांवर जवळच्या ठिकाणी कसे उपचार करावेत, याविषयी जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या.

हात धुण्याचा धडा

जंतुदोष होऊच नये यासाठी काय करावे, याचे उत्तर फार जुने आहे. १८४७ साली व्हिएन्ना येथील रुग्णालयात डॉ. इग्नाझ सेमेलवाइस यांना असे दिसले की, ज्या कक्षात शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी प्रसूती करीत तेथे बाळंतज्वराने पुष्कळ स्त्रिया मरत. सुईणींच्या कक्षात तितक्या मरत नसत. त्यांनी सर्वांना क्लोरीनयुक्त चुन्याच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. १८४६ मध्ये त्या कक्षात शंभरी अकराहून अधिक असलेले मृत्यूचे प्रमाण १८४८ मध्ये शंभरी सव्वाच्या आसपास आले. त्यांचे म्हणणे त्यांच्या काळातील पुष्कळ डॉक्टरांनी मानले नाही. १८६५ साली स्वतः सेमेलवाइस यांचा मृत्यू जखमेतून झालेल्या जंतुदोषानेच झाला.

आज प्रतिजैविके आहेत. १९२८ साली पेनिसिलिनचा शोध लागला आणि १९५४ साली आपल्या राज्यात पिंपरी येथे हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभा राहिला. तरीही हात धुण्याचा धडा जुना झालेला नाही. उलट प्रतिजैविकांचा अवाजवी वापर वाढल्याने त्याचे महत्त्व वाढले आहे. दिल्लीतील तीन मोठ्या रुग्णालयांत जन्मलेल्या बालकांच्या पाहणीचे जे निष्कर्ष २०१६ मध्ये प्रसिद्ध झाले, त्यांत नवजात बालकांमधील पुष्कळ जंतू एकाच वेळी अनेक औषधांना दाद देत नसल्याचे दिसले. साध्या सर्दीपडशासाठी दुकानातून आणलेल्या गोळ्या आणि अर्धवट सोडलेले उपचार यांची किंमत शेवटी अशा बालकांना मोजावी लागते.

घराने पाळावयाचे नियम थोडे आहेत. बाळाला घेण्यापूर्वी साबणाने हात धुवावेत, मग घेणारा कोणीही पाहुणा असो. नाळ कोरडी ठेवावी. तिच्यावर तेल, हळद, राख किंवा शेण यांपैकी काहीही लावू नये. जन्मानंतर तासाभरात बाळाला छातीशी घ्यावे; पहिला चीक पिळून टाकू नये, कारण त्यात रोगाशी लढण्याची शक्ती असते. पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय मध, गुटी, पाणी काहीही देऊ नये. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी धरून ऊब द्यावी. लसीकरणाची एकही तारीख चुकवू नये. गरोदरपणी धनुर्वाताची लस आणि स्वच्छ प्रसूती यांच्या बळावर भारताने माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन केल्याचे २०१५ मध्ये जाहीर झाले. एके काळी या धनुर्वाताने कोकणातील किती पाळणे रिकामे केले असतील याची गणना नाही. जे धनुर्वाताच्या बाबतीत साधले ते जंतुदोषाच्या बाबतीतही पुष्कळसे साधण्यासारखे आहे.

मोठ्या मुलांनाही हे संकट आहे

हे संकट केवळ तान्ह्या बाळांचे आहे असे नाही. २०१२ साली न्यूयॉर्क येथे रोरी स्टॉन्टन नावाच्या बारा वर्षांच्या मुलाच्या हाताला शाळेत खेळताना खरचटले. दुसऱ्या दिवशी ताप, उलट्या आणि पायात वेदना सुरू झाल्या. त्याला डॉक्टरांना दाखविले, रुग्णालयातही नेले; पोटाचा साधा विकार समजून त्याला घरी पाठविण्यात आले. थोड्याच दिवसांत तो जंतुदोषाने दगावला. त्याच्या आईवडिलांनी दुःख उराशी धरून बसण्याऐवजी राज्य शासनाकडे धाव घेतली, आणि २०१३ साली न्यूयॉर्क राज्यात प्रत्येक रुग्णालयाला जंतुदोष त्वरित ओळखण्याची व उपचार करण्याची ठरलेली पद्धत पाळणे बंधनकारक करणारे नियम आले. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले की, रक्ताची तपासणी, प्रतिजैविक आणि सलाईन हे तिन्ही उपचार ज्या मुलांना तासाभरात मिळाले त्यांच्या मृत्यूचा संभव कमी होता. एका कुटुंबाचा अनुभव असा इतर कुटुंबांच्या उपयोगी पडला.

हा विषय किती व्यापक आहे हे जगाच्या आकड्यांवरून कळेल. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासानुसार २०१७ या एका वर्षात जगभर सुमारे ४ कोटी ८९ लाख लोकांना जंतुदोष झाला आणि १ कोटी १० लाख दगावले. त्यांत पाच वर्षांखालील मुलांचे मृत्यू २९ लाख होते. २०१७ मध्येच जागतिक आरोग्य सभेने जंतुदोषाचा प्रतिबंध, निदान आणि उपचार यांविषयी ठराव केला. १३ सप्टेंबर हा दिवस त्यासाठी जगभर पाळला जातो.

पाच वर्षांखालील मुलाच्या बाबतीत पुढील खुणा धोक्याच्या समजाव्यात : दूध किंवा पाणी न पिणे, पोटात काहीच न टिकणे, झटके येणे, हाक मारली तरी डोळे न उघडणे, हातपाय गार पडणे, त्वचेवर निळसर जाळी दिसणे, सहाआठ तास लघवी न होणे. श्वास मोजण्यास सेकंदकाटा असलेले घड्याळ आणि शांत मूल एवढेच लागते. मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट पोटाची हालचाल मोजावी. दोन महिन्यांखालील बाळाचे मिनिटाला ६० किंवा अधिक, दोन महिने ते एक वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि एक ते पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, तर ते मूल त्याच वेळी दाखविले पाहिजे.

तीन विलंब आणि गावाचे काम

मातामृत्यूंचा अभ्यास करणाऱ्यांनी १९९४ साली तीन विलंबांचा विचार मांडला. पहिला विलंब निर्णय घेण्यातला, दुसरा दवाखान्यापर्यंत पोचण्यातला आणि तिसरा तेथे उपचार सुरू होण्यातला. बालकांच्या जंतुदोषालाही तो तंतोतंत लागू पडतो. या तिन्ही विलंबांवर गावाला काही ना काही करता येण्यासारखे आहे.

पहिला विलंब घरातला. तो कमी करण्याचे काम शिक्षक आणि महिला मंडळे उत्तम करू शकतात. मुलांच्या दप्तरातून जे ज्ञान घरी जाते ते आजीआजोबांपर्यंत पोचते. माध्यमिक शाळेतील मुलामुलींना श्वास मोजणे, जखम साबणपाण्याने धुणे आणि धोक्याची लक्षणे ओळखणे एका तासात शिकविता येते. सासवांची वेगळी बैठक घ्यावी. घरात सर्वांत अधिक बाळंतपणे पाहिलेली ती स्त्री असते आणि निर्णयही बहुधा तिच्याच शब्दावर होतो. तिला बाजूला सारून आरोग्यशिक्षण होणार नाही. तिला बरोबर घेऊनच होईल. बाप कामावर असो वा परगावी, बाळाच्या आजारात त्याच्या परवानगीसाठी कोणी थांबावयाचे नाही, हे आधीच, बाळ पोटात असतानाच, घरात ठरलेले असावे.

दुसरा विलंब वाटेवरचा. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून आहे, आणि गरोदर माता व लहान बालके यांना नेण्यासाठी १०२ हा क्रमांक आहे. २०११ साली सुरू झालेल्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली आजारी नवजात बालकाचे शासकीय रुग्णालयातील उपचार, औषधे, तपासण्या आणि वाहतूक विनामूल्य आहे. हे क्रमांक आणि ही सवलत ग्रामपंचायतीच्या, शाळेच्या व अंगणवाडीच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लिहिलेली असावी. रुग्णवाहिका यावयास उशीर झाला तर गावातील कोणाची गाडी निघेल, तिचे भाडे ग्राम आरोग्य समितीच्या निधीतून कसे दिले जाईल, हे आधी ठरविले तर ऐन वेळी उंबरे झिजवावे लागणार नाहीत. पावसाळ्यात भरतीच्या वेळी कोणती वाट पाण्याखाली जाते हे गावाला ठाऊक असते. त्या वाटेवरील घरांत बाळंतीण असेल तर तिची आधीच नोंद ठेवावी.

वीटभट्ट्यांवर आणि कोळसाभट्ट्यांवर कामाला जाणारी कातकरी कुटुंबे हा तर आणखी महत्त्वाचा विषय आहे. दिवाळीनंतर वाडी रिकामी होते. आशा कार्यकर्तीच्या वहीत नाव असते, परंतु बाळ दुसऱ्याच तालुक्यातील भट्टीवर, उघड्या झोपडीत थंडीवाऱ्यात असते. अशा कुटुंबाची माहिती निघताना एका गावाने दुसऱ्या गावाला कळविली, तर बाळाच्या भेटी चुकणार नाहीत. यासाठी नवीन योजना लागत नाही. दोन ग्रामसेवकांचे आणि दोन आशा कार्यकर्तींचे दूरध्वनीवरील बोलणे पुरते.

तिसरा विलंब रुग्णालयाच्या दारातला. बालकांच्या जंतुदोषात रक्तदाब ढासळला असेल तर तासाभरात, आणि तसे नसेल तर तीन तासांच्या आत प्रतिजैविक दिले जावे, अशी आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांची २०२० ची शिफारस आहे. यासाठी आईवडिलांनी दारातच स्पष्ट सांगावे : बाळ किती दिवसांचे आहे, दूध केव्हापासून सोडले, रडणे केव्हा थांबले. अधिकाऱ्यांनी पाहावे की, प्राथमिक आरोग्य केंद्रातील कपाटात ही इंजेक्शने मुदतीतील आणि पुरेशी आहेत, रात्री देणारे माणूस जागेवर आहे, आणि पुढे पाठविताना पहिली मात्रा देऊनच पाठविले जाते. घरी परतलेल्या बाळाचे वजन, ऐकणे आणि वाढ यांची पुढील काही महिने तपासणी होत राहिली पाहिजे, कारण आजारातून वाचलेल्या मुलाला मागे काही उणीव राहू नये, हीही जबाबदारीच आहे.

बंधुभगिनींनो, नमुना नोंदणी पाहणीनुसार २०२० साली महाराष्ट्रात हजार जिवंत जन्मांमागे ११ नवजात बालके पहिल्या महिन्यात दगावली. गडचिरोलीच्या त्या गावांत एके काळी हा आकडा ६२ होता, हे आठवले म्हणजे राज्याने किती वाट चालली ते कळते. परंतु ११ हा आकडा राज्याच्या तक्त्यात लहान दिसला, तरी ज्या घरातील पाळणा रिकामा होतो त्या घरासाठी तो लहान नसतो. उरलेली वाट मोठ्या रुग्णालयांच्या बांधकामाने जितकी सरेल, तितकीच ती रात्रीच्या वेळी एखाद्या घरात उच्चारलेल्या एका वाक्याने सरेल. "गाडी बोलवा, मुलाला वाटेत कळवू," असे म्हणणारी आजी डोलवीच्याच नव्हे, तर राज्यातील प्रत्येक गावाच्या घराघरांत असली पाहिजे. तिला ते म्हणण्याचे बळ देणे हे पंचायतीचे, शाळेचे आणि शासनाचे काम आहे.